मेळघाटात चालणाऱ्या स्प्लेंडरसाठी ऑइल निवडताना

पशुधन पर्यवेक्षकाची अर्धी नोकरी गाडीवर होते. मी राहतो परतवाड्यात आणि माझी गावं आहेत घटांगच्या पुढे, सेमाडोहच्या अंगाला. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचायची मोहीम सुरू झाली की उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. मागे लसीची थंड पेटी बांधलेली, हँडलला सामानाची पिशवी आणि समोर घाट. गाडी स्प्लेंडर प्लस. ९७.२ सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं, चार गिअरचं इंजिन. या गाडीवर माझा जीव आहे, कारण ती वाटेत बसली तर एखाद्या पाड्यावरची जनावरं त्या दिवशी लसीविना राहतात.

फ्री सर्व्हिसिंग होत्या तोवर कोणतं ऑइल घालायचं हा प्रश्न माझ्यापुढे आलाच नव्हता. त्या संपल्यावर घराजवळच्या एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात घाटात गाडी वेगळं वागायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढायचा, पण गाडी त्या मानाने ओढायची नाही. सपाटीवर काही जाणवायचं नाही. पेटी बांधलेली असली आणि चढ लागला की मात्र हमखास. गाडी थोडी गार झाली की तक्रार कमी, तापली की पुन्हा सुरू.

"क्लचप्लेटा गेल्या डॉक्टरसाहेब, नव्या टाकून देऊ," असं गॅरेजवाल्यांनी सांगितलं. आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला लोक डॉक्टरच म्हणतात. मला मात्र ते पटेना. क्लच घसरायला लागला की आधी लिव्हरचा सैलपणा बघायचा असतो. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती नसेल तर केबल सतत ओढलेली राहते आणि प्लेटा पूर्ण मिटत नाहीत. माझ्या लिव्हरची चाल बरोबर होती. गाडी फार पळालेली नव्हती. बदललं होतं ते फक्त ऑइल, आणि त्याचा रिकामा डबा मी सवयीप्रमाणे मागून घरी आणला होता.

डब्याच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरात १०डब्ल्यू-३०. गाडीच्या पुस्तिकेतही तेच लिहिलेलं. म्हणजे जाडी बरोबर होती. मागच्या बाजूला, दाढीच्या ब्लेडवर असतात तेवढ्या बारीक अक्षरांत, एपीआय एसएल, म्हणजे इंजिन ऑइलाच्या दर्जाचा अमेरिकन शिक्का, तेही बरोबर. त्याच्या खाली जासो एमबी, हा मोटरसायकलच्या ऑइलाचा जपानी शिक्का. पुस्तिकेत होतं जासो एमए२. माझ्या बायकोच्या स्कूटरला जे ऑइल लागतं, ते या मोटरसायकलमध्ये गेलं होतं. सगळा फरक त्या दोन अक्षरांत होता.

इथून पुढे मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे समजलं ते माझ्यासारख्या रोज गाडीवर पोट असलेल्या माणसाला ठाऊक असायलाच हवं असं मला वाटतं.

मोटरसायकलच्या इंजिनात एकच ऑइल तीन कामं करतं. पिस्टन, क्रँक आणि हेडमधल्या कॅमला वंगण देतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच ऑइलात गिअरची चाकंही फिरत असतात, आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, आणि गिअरवाल्या कारचा क्लच कोरडा. स्कूटरमध्ये बेल्ट असतो, क्लच कोरडा असतो आणि मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं भरतात. म्हणून कारचं किंवा स्कूटरचं इंजिन ऑइल जितकं निसरडं करता येईल तितकं चांगलं. इंजिन हलकं फिरतं, पेट्रोल वाचतं. मोटरसायकलच्या क्लचचं मागणं नेमकं उलटं आहे. तेल लावलेल्या हातांनी दोर धरायचा आणि तरी तो सुटू द्यायचा नाही, असं त्या प्लेटांचं काम. ऑइलात घर्षण कमी करणारे पदार्थ जास्त असले तर प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. सपाटीवर जोर कमी लागतो, तेव्हा निभून जातं. घाटात, ओझ्यासकट, तापलेल्या इंजिनावर ते उघडं पडतं.

हीच गोष्ट मोजण्यासाठी जपानच्या वाहन उद्योगाने मानक ठरवलं, जासो टी९०३. ते १९९८ सालचं. त्याआधी मोटरसायकलवाले कारसाठीच्या अमेरिकन मानकांवर भागवत होते. कारची ऑइलं पेट्रोल वाचवण्याच्या नादात निसरडी होत गेली, तशा मोटरसायकलच्या क्लचच्या तक्रारी वाढल्या, म्हणून हे वेगळं मानक आलं. त्यात ऑइल खऱ्या क्लचप्लेटांवर तपासतात आणि तीन गोष्टी मोजतात: फिरताना किती पकड आहे, थांबलेल्या अवस्थेत किती आहे, आणि प्लेटा जुळायला किती वेळ लागतो. पकड चांगली असेल तर एमए, कमी असेल तर एमबी. २००६ साली एमएचे आणखी दोन भाग झाले, एमए१ आणि एमए२. त्यात एमए२ ची पकड जास्त. एमबी हे वाईट ऑइल नाही. स्कूटरला तेच योग्य आहे, आणि काही मोटरसायकलींनाही त्यांची कंपनी एमबी चालेल असं सांगते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत काय घालतात ते विचारून काही उपयोग नाही. आपल्या गाडीची पुस्तिका उघडायची.

पुस्तिका हरवली असेल तर तीच माहिती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येते. फुकट मिळते.

आता जाडीचा विषय. आमच्या विदर्भात यावर प्रत्येकाचं मत आहे, आणि ते एकच आहे: उन्हाळा कडक, म्हणून ऑइल जाड हवं. ज्या दुसऱ्या मिस्त्रींकडे मी क्लच दाखवायला गेलो, त्यांनी माझा डबा हातात घेतला, दोन बोटांत थेंब चोळला आणि म्हणाले, "साहेब, हे टेन थर्टी पाण्यावानी पातळ असते. आपल्या इकडचा उन्हाळा पाहा तुम्ही. ट्वेंटी फॉर्टी टाकून देतो, बिनघोर राहा."

हे मिस्त्री हुशार आहेत, इंजिनच्या आवाजावरून रोग सांगतात. त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, तर आकडे शोधले.

१०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतला आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांला क्रँक फिरवून देण्याइतकं पातळ राहायला हवं, २०डब्ल्यू उणे १५ अंशांला. चिखलदऱ्याला हिवाळ्यात कितीही हात कापले तरी आपल्याकडे असली थंडी नाही, त्यामुळे गाडी सुरू होण्यापुरतं बघायचं तर दोन्ही चालतात. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसचा आहे, म्हणजे तापलेल्या इंजिनातल्या ऑइलाचा. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) जाडी, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

आणि इथेच बोटांत चोळून बघण्यातली अडचण आहे. बोटांना कळते ती पस्तीस-चाळीस अंशांची जाडी. त्या तापमानाला २०डब्ल्यू-४० हे १०डब्ल्यू-३० च्या जवळपास दुप्पट जाड असतं, म्हणून एक तुपासारखं आणि दुसरं पाण्यासारखं लागतं. इंजिन तापून ऑइल शंभर अंशांवर गेलं की दोन्ही पातळ होतात आणि फरक बराच कमी उरतो. जे ऑइल बोटाला पाण्यासारखं लागलं, ते चाळीस अंशांना तापलेल्या इंजिनातल्या कुठल्याही ऑइलापेक्षा कितीतरी जाड असतं. इंजिनातल्या फटी, ऑइलच्या वाटा आणि पंप कंपनीने त्या शंभर अंशांच्या जाडीचा हिशेब करून बनवलेले असतात. जाड ऑइल सकाळी पहिल्या किकनंतर कॅमपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. त्या थोड्या वेळात धातूवर धातू घासतो, आणि इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात त्याच वेळी होते. मी उजाडायच्या आत गाडी काढून थेट रस्त्याला लागतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी फार महत्त्वाचा होता.

तरीही मिस्त्रींच्या बोलण्यात तथ्य आहे, तेही लिहायला हवं. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरच्या हवेचा फरक पडतो. बाहेर ४५ अंश असताना दुसऱ्या गिअरवर, कमी वेगाने, ओझं घेऊन घाट चढला की इंजिनभोवती वारा कमी आणि उष्णता जास्त. ऑइल शंभराच्या बरंच पुढे जातं. काही कंपन्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन जाडीची ऑइलं चालतील असा तक्ता देतात, आणि ज्याच्या पुस्तिकेत तो आहे त्याने उन्हाळ्यात ४० घातलं तर ते बरोबरच आहे. बजाजच्या पल्सर १५० ला कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगत आलेली आहे, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. त्या इंजिनांची बांधणी वेगळी. माझ्या पुस्तिकेत मात्र एकच ग्रेड आहे. म्हणून मी ३० वर थांबलो, आणि उष्णतेचं उत्तर जाडीत न शोधता ऑइलाच्या दर्जात शोधायचं ठरवलं.

दुकान गुजरी बाजाराच्या बाजूला, जुनं. मालक वयस्कर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. फळीवर एका रांगेत सर्वो, मॅक, एचपी रेसर, कॅस्ट्रॉल, गल्फ, मोटुल. पहिली तीन आपल्या सरकारी पेट्रोल कंपन्यांची, पंपावरही मिळतात. मी काकांना म्हटलं, "काका, स्प्लेंडरसाठी टेन थर्टी दाखवा, पण जासो एमए टू लिहिलेलं." काकांनी चष्मा लावला आणि आम्ही दोघांनी मिळून फळीवरचे डबे उलटे करून वाचले. समोरच्या बाजूला मोटरसायकलचं चित्र असलेल्या सगळ्याच डब्यांवर मागे एमए२ नव्हतं. काहींवर नुसतं एमए होतं. एका डब्यावर मोटरसायकल आणि स्कूटर दोन्हींची चित्रं होती.

तेवढ्यात एक ओळखीचे शेतकरी तिथे ट्रॅक्टरसाठी बादली घ्यायला आले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आम्ही याच्यातलंच थोडं गाडीत घालतो, वेगळं काय घ्यायचं?" गावोगावी हे चालतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ट्रॅक्टरचं ऑइल बहुतेक १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असतं आणि त्यावर एपीआयची अक्षरं सी ने सुरू होतात, सीएफ-४, सीआय-४ अशी. सी म्हणजे डिझेल इंजिन, एस म्हणजे पेट्रोल. डिझेलची काजळी धरून ठेवण्यासाठी त्यात धुणारे पदार्थ भरपूर घातलेले असतात. ते चांगलं ऑइल आहे, ट्रॅक्टरसाठी. ओल्या क्लचवर ते तपासलेलं आहे की नाही हे त्या बादलीवर लिहिलेलं नसतं. जाडीही या छोट्या इंजिनाला जास्त. बादलीतलं लिटरला स्वस्त पडतं हे खरं, पण स्प्लेंडरला एका वेळी लागतं ते लिटरच्या आतच. वाचतात ते शंभर-दीडशे रुपये, आणि क्लचप्लेटांचा सेट मजुरीसकट त्याच्या कितीतरी पट. मी त्यांना हेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

एपीआयच्या एस मालिकेत पुढचं अक्षर म्हणजे नवा दर्जा. एसएल २००१ सालचा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. जुना दर्जा मागणाऱ्या इंजिनाला नवा चालतो असा नियम आहे, पण तो इंजिनापुरता. क्लचची हमी एपीआय देत नाही. कारच्या नव्या पातळ ऑइलांवर एसपी असतं आणि सोबत इंधन वाचवणारं असा शिक्का असतो. ते मोटरसायकलमध्ये घालायचं नाही. आणखी एक फरक फॉस्फरसचा. झीज रोखण्यासाठी ऑइलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला, फॉस्फरस बाधतो, म्हणून कारच्या ऑइलांत तो कमी करत आणला. मोटरसायकलमध्ये गिअरही त्याच ऑइलात असल्याने तो फार कमी करूनही चालत नाही. जासोच्या मानकात त्याला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा आहेत, ०.०८ ते ०.१२ टक्के. माझी गाडी बीएस६ ची आहे, तिला कन्व्हर्टर आहे आणि गिअरबॉक्सही आहे. दोन्ही सांभाळणारं ऑइल तेच.

मग प्रश्न आला साधं म्हणजे खनिज तेलाचं घ्यायचं, कारखान्यात खास बनवलेलं फुल सिंथेटिक घ्यायचं, की दोन्हींचं मिश्रण असलेलं सेमी-सिंथेटिक. फुल सिंथेटिकला साध्याच्या जवळपास दुप्पट पैसे. सिंथेटिक ऑइल उष्णतेत कमी उडतं, लवकर जळून घट्ट होत नाही आणि जाडी टिकवून धरतं, हे खरं आहे. साध्या मल्टिग्रेड, म्हणजे १०डब्ल्यू-३० सारख्या दोन आकड्यांच्या, ऑइलात तापल्यावर जाडी राखण्यासाठी पॉलिमर घातलेले असतात, आणि गिअरच्या दात्यांमध्ये सापडून त्या लांबलचक रेणूंचे तुकडे होत जातात. म्हणूनच मोटरसायकलचं ऑइल कारच्या ऑइलापेक्षा लवकर पातळ होतं. गिअर टाकताना खटखट वाढली, न्यूट्रल सापडेनासं झालं, की बहुतेक वेळा ऑइल थकलेलं असतं.

पण माझ्या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. आत एक जाळी आहे आणि क्रँकवर फिरणारा एक सेंट्रिफ्युगल फिल्टर, जो कचरा बाहेरच्या कडेला फेकून साठवतो. तो साफ करायचा तर इंजिनचं उजवं कव्हर काढावं लागतं. अशा इंजिनात बारीक कचरा ऑइलासोबत फिरत राहतो, आणि ऑइल कितीही महाग असलं तरी तो कचरा काढायला त्याला बाहेरच काढावं लागतं. फुल सिंथेटिक घालून दहा हजार किलोमीटर विसरून जाणं या गाडीला मानवणारं नाही, असं माझं ठाम मत झालं. तेच पैसे लवकर बदलण्यात घालवावेत.

पहिल्या वेळेला मी मुद्दाम साधं घेतलं. कंपनीने सांगितलेलं, १०डब्ल्यू-३०, एसएल, एमए२. क्लचचं दुखणं ऑइलाचंच आहे का हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती.

डबा घेताना झाकणाखालचं सील, बॅच नंबर आणि भरल्याची तारीख काकांनी स्वतःहून दाखवली. नकली ऑइल बाजारात असतं, आणि ते बहुतेक खऱ्याच कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरलेलं असतं. भंगारात धड डबा गेला की तो परत कुणाच्या तरी हाती लागतो. म्हणून ऑइल ओतून झालं की डब्याला सुरीने मधोमध चीर द्यायची. काका सगळ्या गिऱ्हाइकांना हे सांगतात.

ऑइल मी अंगणात स्वतः बदललं. गाडी थोडी फिरवून आणली, म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट वाहतं. कडक तापलेलं असेल तर हात भाजतो. मेन स्टँडवर सपाट जागी लावली. खाली जुनी परात. वरची डीपस्टिक सैल करून ठेवली, मग १७ च्या पान्याने खालचा ड्रेन बोल्ट उघडला. आधी जाड धार, मग बारीक, मग थेंब. थेंब थांबेपर्यंत घाई करायची नाही. आलेलं ऑइल काळं होतं, पण काळं म्हणजे वाया गेलेलं असं नाही. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणूनच काळं दिसतं. बघायचं ते बोटावर घेऊन, चमकणारे धातूचे कण आहेत का. नव्हते.

बोल्टाचा वॉशर दर वेळी नवा. दोन-पाच रुपयांची वस्तू आहे, पण जुना दबलेला वॉशर ठेवला की थेंब थेंब गळतं, आणि गळू नये म्हणून मग माणूस बोल्ट जास्त आवळतो. इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं. आटे गेले की मोठं काम निघतं. बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, आणि पान्याने फक्त वॉशर बसेपर्यंत आवळायचं.

ऑइल भरताना बहुतेक जण लिटरचा डबा उपडा करून मोकळे होतात. या इंजिनाला नुसतं ड्रेन केल्यावर लिटरपेक्षा कमी लागतं. इंजिन पूर्ण खोललं तरच त्याहून जास्त. आकडा पुस्तिकेत असतो. जास्त भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि जास्तीचं ऑइल इंजिनच्या ब्रीदर नळीतून एअर फिल्टरपर्यंत जातं. मी मोजून ओतलं, गाडी तीन मिनिटं चालवून बंद केली, थोडं थांबून डीपस्टिक पुसली आणि परत घातली. स्प्लेंडरची डीपस्टिक मोजताना आटे फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची. फिरवून बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होतं. उरलेलं डब्यातच ठेवलं, टॉप-अपसाठी. चीर नंतर.

लगेच चमत्कार झाला नाही. जुन्या ऑइलाचा काही भाग इंजिनात राहतोच, आणि प्लेटांनीही ते शोषलेलं असतं. पहिल्या घाटात फरक होता, पण शेवटच्या अवघड वळणांवर अजून किंचित घसरत होतं. म्हणून ते ऑइल पूर्ण मुदत न चालवता थोड्याच दिवसांत काढलं आणि त्याच प्रकारचं नवं भरलं. त्यानंतर घसरणं थांबलं. क्लचप्लेटा अजून त्याच आहेत. फार दिवस घसरू दिलं असतं तर त्या जळून गुळगुळीत झाल्या असत्या आणि मग कुठल्याही ऑइलने काम झालं नसतं, असं मिस्त्रींनी सांगितलं. ते मला बरोबर वाटतं.

उन्हाळ्यासाठी पुढे मी सेमी-सिंथेटिक करून पाहिलं, जाडी आणि एमए२ तेच ठेवून. मायलेजमध्ये मला मोजता येईल असा फरक दिसला नाही. गिअर मात्र जास्त दिवस मऊ पडत राहिले, आणि मे महिन्यात पातळी साध्या ऑइलाइतकी खाली आली नाही. म्हणून आता मार्च ते जून सेमी-सिंथेटिक, बाकीचं वर्ष साधं. पुस्तिका ३००० किलोमीटरला तपासून भरायला आणि ६००० ला बदलायला सांगते. सेमाडोहच्या बाजूची धूळ, घाट आणि ओझं धरून मी ६००० ची वाट पाहत नाही, चार हजारांच्या आसपास बदलतो. कुणी शहरात रिकाम्या गाडीवर ऑफिसला जात असेल तर त्याला पुस्तिकेतला आकडा पुरेसा आहे. पातळी दर पंधरवड्याला, पेट्रोल भरून आल्यावर घरी, गाडी बंद करून थोडं थांबून बघतो.

दुसऱ्या मिस्त्रींना मी दोन्ही डबे नेऊन दाखवले, एमबीचा आणि एमए२ चा. ते अजूनही ट्वेंटी फॉर्टीच्या बाजूने आहेत आणि त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या, झिजलेल्या गाड्यांसाठी त्यांचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, तिथे जाड ऑइलाने आवाज आणि ऑइल खाणं दोन्ही कमी होतं. पण स्कूटरची आणि मोटरसायकलची ऑइलं त्यांनी वेगळ्या फळ्यांवर लावली, हे मी पाहिलं.

काढलेलं जुनं ऑइल मी त्यांच्याकडेच देतो. गावात ते चौकटींना वाळवी लागू नये म्हणून लावतात, काही जण सरळ नालीत ओततात. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. आमच्या भागात नालीचं पाणी ओढ्याला जातं, ओढ्यावर जनावरं पाणी पितात, आणि त्या जनावरांना टोचायला मीच जातो. मिस्त्रींच्या गॅरेजमागे पिंप आहे, ते भरलं की ऑइल शुद्ध करणाऱ्यांची गाडी येऊन घेऊन जाते. बाटलीचं झाकण घट्ट लावून, कामावर निघताना वाटेत ती तिथे ठेवतो.